चौघांपुरती काहील

कसबा बावडा,
शनिवार (पत्राची सुरुवात इथं केली आहे)

आमच्या चुलवाणाचे एकेकाळचे धनी, थोर मित्र दिलदारभाई यांना बावड्याच्या बाळासोचा नमस्कार, सलाम, आणि या दोन्हींच्या मध्ये जे काही बसत असेल ते सगळं. (मायन्यात अहो-जाहो केलं ते रीत म्हणून. आता अरे-तुरेवर येतो, नाहीतर हात अवघडतो.)

तू कसा आहेस? मोतीबिंदूच्या डोळ्याची पट्टी निघाली का? निघाली असेल तर हे पत्र तू स्वतःच वाच. नसेल तर नईमकडून वाचून घे. रोशनभाभींना मात्र वाचायला देऊ नकोस, निदान शेवटचं पान तरी नको. त्यांचे गुडघे कसे आहेत? तीळतेलानं उतार पडला का? नईमचं पित्त काय म्हणतंय? सूनबाई मुबशिराच्या शिलाई मशीनचा पट्टा परत तुटला असं कानावर आलं, तो बसला का? अरीबाचे पुढचे दात आले का? आले असतील तर तिला म्हणावं, बाळूआजोबांनी ऊस सोलायला बोलावलंय. काळ्या शेळीला दोन करडं झाली म्हणे, तिचं अभिनंदन. घरामागच्या परड्यातल्या चिंचेची तब्येत कशी आहे? चिंचेखालची जागा अजून मोकळीच आहे ना? आणि फाटकाची तब्येत? मागच्या वेळी त्याची एकच फळी उघडत होती. दुसरीची बिजागरी बसवली असशील तर दोन्ही उघडल्यावर मध्ये किती रुंदी मिळते, हे सहज विचारतोय. माणसानं चौकशी करताना कुणाला वगळू नये.

इकडे सगळे खुशाल. विजयसिंह, सूनबाई अनुजा, नात स्वप्नाली आणि मी, चौघंही धडधाकट. अक्षर अधूनमधून हलल्यासारखं दिसेल, पण मला कंपवात वगैरे काही झालेला नाही. कारण पुढं येईल.

तर आता झालेलं सांगतो. आपली काहील तुला आठवत असणारच. (आठवत नसेल तर पट्टी डोळ्याला नाही, डोक्याला बांधलेली आहे.) आपलं गुऱ्हाळ बंद झालं तरी ती घरामागं चुलवाणावर जशीच्या तशी बसलेली होती. एवढी रुंद लोखंडी कढई जिल्ह्यात आता किती जणांकडं उरली असेल? तू खाली चिपाडाचा जाळ घालायचास, मी वर झारा घेऊन रस आटवायचो, आणि आपल्या दोघांच्या मध्ये ती असायची, तिसऱ्या भावासारखी. स्वप्नालीची आजी झुंबरबाई असेपर्यंत दर उन्हाळ्यात काहिलीत कुरडया वाळायच्या. ती गेल्यावर स्वप्नाली पावसाळ्यात त्यात कागदी होड्या सोडायची. म्हणजे काहील एक दिवस रिकामी नव्हती. पण विजयसिंहला तिथं दोन गाळे बांधायचेत. भाड्यानं द्यायला म्हणे. त्यानं मला न विचारता आकाराम भंगारवाल्याला सांगून ठेवलं, की येऊन काहील घेऊन जा. मोडीत! मी आंघोळ करत होतो तेव्हा हे कानावर आलं, आणि अर्ध्या अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर आलो.

मी म्हटलं, "मोडीत घालायला ती मोडलीय काय? चालतीय की अजून." विजयसिंह म्हणाला, "आप्पा, चालतीय म्हंजे काय? ती काय मोटार हाय व्हय?" त्यावर आमची अनुजा (मनानं चांगली आहे, पण शब्दात पकडण्यात वकिलाला भारी आहे) हसत हसत म्हणाली, "चालतीय म्हणता न्हवं आप्पा? मग उद्याचं जेवान त्यातच करून दावा. आपल्या चौघांचं. चौघांनी पोटभर खाल्लं की काहील ऱ्हायली. न्हाई खाल्लं, तर आकाराम." मी बोलून बसलो, लावली पैज. बोलल्यावर विचारलं, जेवायला आहे काय? तर आधीच ठरलं होतं की स्वप्नालीच्या मोबाइलवरची मकरोनी करायची. मकरोनी, सॉसेज आणि चार भाज्या. स्वस्तात होतं, गॅस कमी लागतो, आणि एकाच पसरट भांड्यात सगळं शिजतं, घासायलाही एकच.

दिलदार, 'एकाच पसरट भांड्यात' हे शब्द ऐकले आणि मला वाटलं की ही कृती ज्यानं लिहिली त्याचं आजोळ बावड्यात असणार.

सकाळी सामानाला बाहेर पडलो. ढब्बू मिरची, गाजर, टोमॅटो, मक्याची कणसं मंडईत मिळाली. सॉसेज म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. स्वप्नालीनं सांगितलेल्या दुकानात गेलो, तर त्यानं फ्रीजमधून गुळगुळीत, बोटाएवढ्या कांड्या काढून दिल्या. आत खिमा भरलेला. कोंबडीचाच आहे ना, हे दोनदा विचारून घेतलं. तू जेवायला येणार नव्हतास, पण सवय. मी त्याला विचारलं, ही कांडी सोलून खायची की चावून चोथा टाकायचा? त्यानं मला धोतरापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "पावणं, तुमी ऊसवालं काय?" माणूस हुशार होता.

दुपारी काहील घासली. चुलवाण साफ केलं. (आत एक मांजर राहत होती. तिला पिल्लांसकट विजयसिंहच्या बुटांच्या खोक्यात हलवली. बूट बाहेर काढले आहेत, ते त्याला अजून दिसलेले नाहीत.) जाळ पेटवला आणि कृतीत लिहिल्याप्रमाणे चौघांपुरतं तेल सोडलं. तेल काहिलीच्या मध्यभागी जाऊन बसलं, ते तिथून हलायलाच तयार नाही. सॉसेजचे काप टाकले, ते चटका बसताच उड्या मारत काठाकडं गेले. मग चार मुठी मकरोनी. काय सांगू तुला, ती अशी पांगली की एकीला दुसरी दिसेना. मोठ्या माळावर चार शेळ्या सोडल्यासारखं झालं. स्वप्नाली मोबाइलवरून वाचत होती, "मधूनमधून हलवा," आणि मी झारा घेऊन काहिलीला प्रदक्षिणा घालत होतो. मकरोनी हलवायला आधी सापडावी तर लागते!

तेव्हा माझ्यातला गुळव्या जागा झाला. आपल्या धंद्यात माणसं मोजून कधी रस टाकलाय का आपण? काहील भरली की आदण. मी स्वप्नालीला म्हटलं, पोरी, कृती माणसांवर बसवायची नसते, भांड्यावर बसवायची असते. विजयसिंहची मोटारसायकल काढली आणि होलसेलवाल्याकडून मकरोनीची पोती आणली. उरलेली मंडईही आणली. दुकानातला फ्रीज मोकळा केला. (स्वस्त जेवण म्हणून जे सुरू झालं ते कुठं जाऊन पोचलं, ते इथं लिहीत नाही. अनुजाची नजर कागदातून आरपार जाते.)

आता अडचण जाळाची. काहील भरली म्हटल्यावर चुलवाणाला बसून चारा घालणारा माणूस पाहिजे. तू तिकडं नेसरीत. विजयसिंहला विचारलं तर म्हणाला, धुरानं डोळं चुरचुरत्यात. (गुळव्याचा पोरगा!) तेवढ्यात देवानं आकारामला धाडला. तो काहील न्यायलाच आला होता, खांद्यावर वासा घेऊन, त्या वाशाला काटा टांगून काहील तोलायची म्हणून. मी म्हटलं, बाबा, जेवण झाल्याशिवाय भांडं हलणार नाही, तोवर बस तिथं आणि चिपाड सार आत. बसला बिचारा. पण भंगारवाल्याचा हात तो! त्याला विकायचं काय आणि जाळायचं काय यातला फरक कळेना. चिपाड संपलं तसं त्यानं बाजेचे पाय घातले, मोडकी शिडी घातली, बयाबाईंच्या कोंबड्यांचं खुराडं घातलं. (बयाबाई म्हणजे आमच्या शेजारच्या, तू त्यांना ओळखतोस. कोंबड्या बाहेर होत्या, काळजी नको. बयाबाई मात्र घरातच होत्या, काळजी त्यांची.) आणि शेवटी रंगात येऊन, ज्याला काटा टांगायचा तो वासाही आत सारला. मी बघितलं. अडवलं नाही. जाळ लागला होता छान.

मकरोनी उकळली आणि त्यावर फेस आला. पांढरा, दाट, काठापर्यंत. आता तूच सांग, काहिलीवर फेस दिसल्यावर गुळव्याला काय दिसतं? मळी! डोक्यात विचार यायच्या आत माझा हात शेजारच्या टोपलीत गेला होता. भेंड्या! तीस वर्षं रस साफ करायला भेंडीचं पाणी सोडलेला हात तो, त्याला काय ठाऊक की हा रस नाही. भरपूर भेंड्या ठेचून, पाण्यात कालवून, तो चिकट चीक काहिलीत सोडला. मळी वर आली. मी झाऱ्यानं ती अगदी निगुतीनं काढून बाहेर टाकली. स्वप्नाली किंचाळली, "आजोबा, ते ओरेगॅनो हाय!" वर जी हिरवी पूड तरंगत होती ती म्हणे चवीसाठी होती. माझ्या आयुष्यात काहिलीच्या वर तरंगलेलं काहीही चवीसाठी नव्हतं.

त्यात तिनं चीज टाकलं. आणि चीज, भेंडी आणि मकरोनी यांचं जे काही झालं, ते शब्दात पकडता येत नाही, झाऱ्यात येतं. झारा वर उचलला तर खाली लांबच लांब तार! तार आली म्हटल्यावर मला दम निघतोय का? एक थेंब गार पाण्यात सोडला, बोटांत वळला, गोळी झाली. गोळी काहिलीच्या काठावर मारली. टण्ण! गूळ झाल्याचा तोच आवाज, दिलदार. इतक्या वर्षांनी. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "उतरा!"

इथं थोडं मागं जाऊन सांगायला पाहिजे. आमच्या मागच्या रस्त्यावर कारखान्याला ऊस नेणाऱ्या बैलगाड्यांची रांग असते, तुला माहीत आहे. इतक्या वर्षांनी आमच्या चिमणीतनं धूर निघाला हे बघून गाडीवान एकेक करून आत आले. त्यातले निम्मे आपल्या गुऱ्हाळावर राबलेले. मी "उतरा" म्हटलं तशी त्यांच्या हातांनी त्यांना विचारलं नाही. काहिलीच्या कड्यांत पाइप सारले, हूं केलं, आणि अख्खं जेवण गुळाच्या वाफ्यात ओतून मोकळे झाले.

वाफा म्हणजे आपला तो फरशीचा चौकोन, जिथं गूळ गार व्हायला टाकायचो. मी तो झाडून ठेवला होता, सवयीनं. मकरोनी तिथं पसरली, निवाली आणि घट्ट बसली. मग गुळाचे जसे रवे, म्हणजे ढेपा, पाडतो तसं बादलीला फडकं लावून आम्ही मकरोनीचे रवे पाडले. एकेक रवा असा देखणा की काय सांगू! वरून लाल, मधूनमधून सॉसेजची चांदणी, कडेला ढब्बू मिरचीची हिरवी नक्षी. आकारामनं एकावर टकटक केलं आणि म्हणाला, "आप्पा, ह्ये मी घेतो, पत्र्याच्या भावानं." बयाबाई खुराड्याचा जाब विचारायला आल्या होत्या, त्या रवा बघून थबकल्या. "रस्सा कुठं हाय?" म्हणाल्या. मी म्हटलं, याला रस्सा नसतो. त्यावर त्या सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रस्सा न्हाई? मग ह्ये काय भिताडाला लावायचं?" आणि घरातनं वरवंटा आणून त्यांनी रवा फोडला, तुकडा तोंडात टाकला, चावला, चावला, अजून चावला, आणि म्हणाल्या, "बरं लागतंय की रं." खुराडं विसरल्या. इतकी चांगली मकरोनी झाली होती.

आणि इथंच घात झाला. गुऱ्हाळावर आलेला माणूस रिकाम्या हातानं परत जात नाही, ही आपली रीत. रस असो, काकवी असो, गरम गुळाचा गोळा असो, हातावर ठेवायचाच. मी दारात उभा राहिलो आणि वाटत सुटलो. गाडीवानांना दिला. त्यांनी मागच्या गाडीला सांगितलं, तिनं तिच्या मागचीला. रांग कारखान्याच्या काट्याकडं सरकायची थांबली आणि आमच्या दाराकडं सरकायला लागली. एका बैलानं माझ्या हातातनं परस्पर तुकडा घेतला आणि नंतर किती तरी वेळ विचारात पडल्यासारखा रवंथ करत उभा होता. विजयसिंहचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाला, "आप्पा, आपल्याला ठेवा की." मी म्हटलं, आधी पाहुणे. शेवटचा माणूस शेवटचा तुकडा घेऊन गेला तेव्हा वाफा चाटून पुसून लख्ख. आणि आम्ही चौघं त्याच्या काठावर उभे. पोट रिकामं.

अनुजानं पदर खोचला. आत गेली आणि भडंगाचा डबा घेऊन आली. आम्ही चौघांनी काहिलीच्या काठावर बसून भडंग खाल्लं. मग ती म्हणाली, "आप्पा, भांडं चालतंय, ह्ये कबूल. पन पैज चौघांची हुती." खरं बोलली. ती नेहमी खरंच बोलते, हाच तिचा दोष. मी आकारामला म्हटलं, बाबा, तोल आणि घेऊन जा. तर आकाराम खाली मान घालून म्हणाला, वासा जळाला. आणि तोलता येत नाही ते विकत घ्यायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला कायदा. (असला कायदा आहे की नाही मला माहीत नाही. त्याच्या भुवया जळालेल्या होत्या आणि तो काहिलीकडं अशा नजरेनं बघत होता की मी खोलात गेलो नाही. एकदा जाळ घातलेल्या माणसाला ती मोडवत नाही, हे तुला मी काय सांगू?)

शेवटी अनुजानंच तोड काढली. रविवारी गाळ्यांचा पाया खणायचा आहे, तोवर काहिलीला जिल्ह्यात कुठंही चांगलं घर बघा. मिळालं तर ती तुमची. नाही मिळालं तर दुसरा भंगारवाला, जो जेवलेला नसेल. तेव्हापासून मी विचार करतोय, की एवढ्या मोठ्या जिवाला जागा देईल असं मन कुणाचं? डोळ्यांपुढं फार नावं आली नाहीत.

असो. एवढीच इकडची हकिकत. रोशनभाभींना नमस्कार, नईमला आणि सूनबाईंना आशीर्वाद, अरीबाला गोड पापा, शेळीला पाला.

तुझा,
बाळासो

ता. क. १ : हे पत्र टपालानं आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. घेऊन आलेला माणूस म्हणजेच आकाराम. भुवया नाहीत त्यावरून ओळख. त्याला चहा दे, साखर बेताची. बावड्यापासून गाडी चालवत आलाय, गडहिंग्लजपासून तर एका हातानं, दुसऱ्या हातानं ताडपत्री धरून.

ता. क. २ : त्याचा टेम्पो तुझ्या फाटकाबाहेर उभा आहे. ताडपत्रीखाली काय आहे ते तू ओळखलं असशीलच. दोन्ही बाजूंनी हात हात भर बाहेर आली आहे. म्हणून फाटकाची तब्येत विचारत होतो. चिंचेखाली बरोबर बसेल. रोशनभाभींना कुरडया वाळवायला होईल, अरीबाला होड्या सोडायला होईल. आणि कधी मनात आलं तर तू खाली बसायचंस, मी वर. मकरोनी नको, गूळच करू.

ता. क. ३ : काहिलीत फडक्यात बांधलेला मकरोनीचा एक रवा आहे. आपल्या गुऱ्हाळात पहिला रवा जाळ घालणाऱ्याच्या घरी जायचा, म्हणून मी तो पहिल्यांदाच बाजूला काढून ठेवला होता. त्या दिवशी जाळ आकारामनं घातला होता हे मला नंतर आठवलं. चांगला मोठा आहे, चौघांना पोटभर पुरला असता. अनुजाला कळवू नकोस. फोडायला वरवंटा घे.

ता. क. ४ : तू म्हणशील, बाळ्या स्वतः का आला नाही. आलोय. अक्षर हललंय ते त्यामुळंच. मी टेम्पोत, ताडपत्रीखाली, काहिलीतच बसलोय. मागच्या वेळी उसाचा जुना चरक आणून तुझ्या परड्यात टाकला, तेव्हा रोशनभाभींनी बजावलं होतं, की पुन्हा भंगार घेऊन आलात तर फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. मी भाभींचा शब्द मोडलेला नाही. पाऊल काहिलीत आहे. काहील आत आली तर त्यात पावलाचा काही दोष नाही, हे त्यांना तू समजावून सांग. (चरकावर आता त्यांच्या कोंबड्या बसतात असं नईम म्हणाला होता, तेही सांग.)

तेव्हा उत्तर लवकर लिही. लांबलचक नको, तब्येतींचं नंतर समोरासमोर बोलू. नुसतं 'ये' एवढं लिहून आकारामच्या हाती दे. चहा संपायची वाट बघू नकोस. ऊन चढलंय, आणि खाली चुलवाण नसतानाही काहील तापायला लागलीय.